दोन उंच रेघा, दोन बुटक्या

भाचीने कागदाची गुंडाळी जेवणाच्या टेबलावर उलगडली. ती पुन्हा मिटू नये म्हणून एका टोकावर माझा चहाचा कप ठेवला, दुसऱ्यावर साखरेचा डबा, तिसऱ्यावर माझा चष्मा. चौथ्या टोकावर तिने माझाच हात उचलून ठेवला. "हलवू नकोस," ती म्हणाली. चष्म्याशिवाय मला त्या कागदावर एक लांब केस पडल्यासारखं दिसत होतं. पण हे तिला सांगावं कसं, या विचारात मी थोडा वेळ मान डोलावत बसलो.

"अगं, चष्मा तरी दे त्यांना," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "नाहीतर संध्याकाळपर्यंत हो हो करत बसतील. न दिसलेलंही ज्याला पटतं, असा हा एकच माणूस आहे आमच्या घरात."

भाचीने चष्मा उचलला, त्या जागी बिस्किटांचा पुडा ठेवला आणि चष्मा माझ्या नाकावर चढवला. जरा तिरकाच बसला, पण मी तो तसाच राहू दिला.

मी एका कॉलेजात सेंद्रिय रसायन शिकवत असे. म्हणजे फळ्यासमोर उभा राहून बोलत असे. त्यातून कोण काय शिकलं, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. प्रत्येक वाक्याआधी 'बहुधा' लावायची मला सवय. मुलांनी माझं नावच 'बहुधा सर' ठेवलं होतं. हे मला निवृत्तीच्या समारंभात कळलं, आणि तेही बायकोने भाषणात सांगितलं म्हणून. लग्नाला होकार देतानाही मी 'बहुधा' म्हणालो होतो, असं ती त्याच भाषणात म्हणाली. मला ते आठवत नाही. म्हणालोही असेन.

"मामा, बघ," भाची म्हणाली. "आणि कसं आहे ते लगेच सांग. उद्या सकाळी माझ्या गाइड मॅडमसमोर बसायचंय."

तिने आणलेला कागद एनएमआरचा होता. हे यंत्र म्हणजे एक भलामोठा चुंबक. पदार्थाचं द्रावण काचेच्या बारीक नळीत घालून त्यात सोडलं, की रेणूतला प्रत्येक हायड्रोजन आपण कुठे बसलोय ते सांगतो आणि त्याच्या जागी कागदावर रेघ उमटते. गंमत पुढेच आहे. शेजारच्या कार्बनवर आणखी हायड्रोजन असले की ही रेघ सरळ उभी राहत नाही, फुटते. शेजारी एक असला तर दोन रेघा, दोन असले तर तीन. 'शेजारी मोजा आणि एक मिळवा,' असं मी वर्गात सांगत असे. उभ्या नोकरीत 'बहुधा' न लावता म्हटलेलं तेवढंच एक वाक्य. मात्र अगदी एकसारखे असलेले हायड्रोजन कितीही चिकटून बसले तरी एकमेकांची रेघ फोडत नाहीत. आरशातल्या माणसाशी कोणी भांडत नाही, तसंच ते.

भाचीने वर्षभर खपून एक पदार्थ बनवला होता. चिमूटभर पांढरी पूड, झाकणाच्या छोट्या बाटलीत. या पदार्थाची दोन रूपं होऊ शकतात. तुकडे तेच, पण एका ठिकाणची मांडणी वेगळी. सख्खी भावंडंच म्हणा. जुन्या रीतीने करायला गेलं की दोन्ही मिसळून हाती येतात. भाचीचं म्हणणं असं, की तिच्या नव्या रीतीने एकच रूप येतं. तिचा सगळा प्रबंध या 'एकच'वर उभा होता.

आणि कागदावर, जिथे एक रेघ हवी होती, तिथे दोन होत्या.

"हे बघ," तिने पेन्सिलीचं टोक टेकवलं. "या कार्बनवर दोन हायड्रोजन आहेत. शेजारी कोणी नाही. एका बाजूला ऑक्सिजन, दुसऱ्या बाजूला बेंझिनचं कडं. म्हणजे सरळ एक रेघ यायला हवी. इथे जुळ्यासारख्या दोन उभ्या आहेत. मॅडम म्हणाल्या, दोन रेघा म्हणजे दोन रूपं. मिश्रण आहे. तुझी रीत निवड करत नाही."

"बाकीच्या रेघा?"

"एकेकट्या. तेही बोलले मी. त्या म्हणाल्या, एकावर एक पडल्या असतील."

"असं होतं खरं कधीकधी," मी म्हणालो. "बहुधा."

"मामा, तू कोणाच्या बाजूने आहेस?"

तिच्या मॅडमना विद्यार्थी 'चाळणी' म्हणतात. त्यांच्या हातून काहीही गेलं की खडा तेवढा वर राहतो. दुष्ट बाई नव्हे, पण नीटनेटकेपणाचं वेड फार. त्यांनी सांगून टाकलं होतं, की मिश्रण असेल तर उद्या या रीतीवर फुली मारू, आणि मधूनच सोडून गेलेल्या एका मुलाचं अर्धवट काम तू हाती घे. भाचीच्या वर्षभराच्या कष्टांचं असं पाणी होणार होतं. तिने हे सांगितलं हसत हसत, पण बिस्किटाचा तुकडा दोन बोटांत धरून ठेवला होता आणि तो खायला ती विसरली होती.

"त्यांना दाखवलास तो हाच कागद का?" मी विचारलं. कारण हा फारच अस्ताव्यस्त होता. कोपऱ्यात कॉफीचा डाग, तळाला बारीकबारीक खरखर.

"छे! त्यांना साफ केलेला दिला. खालची कड उडवून. तळाशी घाण दिसली की त्यांचं डोकं फिरतं. हा कच्चा आहे. म्हटलं, तुला काय चालतंय."

"त्यांना काहीही चालतं," बायको पुसलेल्या बशा घेऊन येत म्हणाली. "मी बघतेय ना इतकी वर्षं. भात करपला तरी म्हणतात, बहुधा असाच छान लागतो."

मी भिंग काढलं. त्या दोन उंच रेघांच्या डाव्या बाजूला, थोडं अंतर सोडून, तळाशी एक बुटकं टेंगूळ होतं. उजवीकडेही तसंच एक. अंतरही तेवढंच वाटलं. उंचीला म्हणाल तर उंच रेघांच्या दहाव्या हिश्शाएवढी. कॉफी प्यायला उठलेल्या माणसाच्या नजरेला पडणारही नाहीत. पण मला ती दिसली, आणि दिसताक्षणी ओळखीची वाटली. रस्त्यात जुना विद्यार्थी भेटावा आणि चक्क त्याचं नाव आठवावं, तसा मला आनंद झाला.

"या सावल्या आहेत," मी म्हणालो.

"कसल्या?"

"नळी घुमण्याच्या. यंत्रात नळी भोवऱ्यासारखी गरगर फिरवतात ना? फिरताना ती जरा डगमगली की खऱ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर खोट्या रेघा पडतात. आमच्या वेळी या सावल्यांनी किती जणांना फसवलंय! अगं, निव्वळ सावल्या. सोडून दे त्यांना."

बायको बशा हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"परत म्हणा," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. त्यात बहुधा नव्हतं. अगं, ऐकलंस ना तू? साक्षीला आहेस ना?"

भाची हसली, पण अर्धवटच. कारण मला कळायच्या आत तिला पुढचं कळलं होतं. ती हळूच म्हणाली, "म्हणजे त्या दोन सावल्या वजा केल्या की खऱ्या उरतात दोनच. दोन रेघा. म्हणजे मॅडमचंच बरोबर."

आयुष्यात एकदा माणसाने ठाम बोलावं आणि ते नेमकं आपल्याच पोरीच्या गळ्याशी यावं, याला काय म्हणायचं? मी भिंग खाली ठेवलं, परत उचललं. काहीतरी मऊ बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर 'रेघा तशा सुंदर आल्यात' एवढंच बाहेर पडलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," बायको पुटपुटली. "बरी होती ती बहुधाची मूठ."

भाचीने कागद गुंडाळायला घेतला. मग तो तसाच सोडून कपबशा उचलल्या आणि सिंककडे गेली. तिच्या मनात काही चालू असलं की ती भांडी घासते. लहानपणापासून तसंच आहे. बायकोने मला डोळ्यांनी खूण केली, की बोला काहीतरी. मला बोलायला एकच विषय येतो, म्हणून मी नळीविषयीच बोलायला लागलो.

"सावली ओळखायची रीत असते," मी तिच्या पाठीला सांगितलं. "हवेच्या झोताने नळी फिरते. झोत वाढवला की नळी जोरात फिरते आणि सावल्या लांब सरकतात. खरी रेघ जागची हलत नाही. आमचा जुना ऑपरेटर तर नुसत्या आवाजावरून सांगायचा, आज नळी कशी फिरतेय ते. उद्या तुझ्या ऑपरेटरकाकांना म्हण, जरा झोत वाढवा—"

"हल्ली नळी फिरवत नाहीत, मामा."

"हं?"

"हवेने फक्त वरखाली करतात. आत गेली की ती गप्प उभी राहते. काका म्हणतात, आता चुंबकच इतके चांगले आहेत की फिरवायची गरज नाही."

"मुळीच फिरवत नाहीत?"

"मुळीच."

"मग सावली कुठून पडेल?" मी विचारलं.

नळ चालूच होता. तो बंद झाला. भाची ओल्या हातांनी तशीच टेबलाशी आली. "हात पूस, कागद भिजेल!" असं बायको म्हणेपर्यंत एक थेंब दूरच्या एका उंच रेघेवर, रेणूतल्या मिथाइल गटाच्या रेघेवर, पडलाही होता. भाचीने तो थेंब बोटाने टिपला आणि बोट तिथेच राहिलं.

"मामा, ही मिथाइलची रेघ सगळ्यात उंच आहे. सावल्या असतील तर पहिल्यांदा हिच्या दिसायला हव्यात ना?"

मी भिंग नेलं. मिथाइलच्या दोन्ही बाजूंना तळ सपाट होता.

"आणि इथे दोन उंच रेघा आहेत," ती म्हणाली. तिचा आवाज आता भराभर पळायला लागला होता. "दोघींच्या दोन-दोन सावल्या धरल्या तर चार हव्यात. आहेत दोनच. ही कसली सावली? माणसं दोन आणि सावल्याही दोन?"

"म्हणजे मी चुकलो," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला जरा हलकंच वाटलं. पायात परत जुनी चप्पल घातल्यासारखं.

तिने लॅपटॉप उघडला. रेघांमधलं अंतर हर्ट्झमध्ये मोजतात. डावीकडची बुटकी रेघ आणि तिच्या लगतची उंच रेघ यांच्यातलं अंतर आलं बारा. मग उजवीकडची उंच आणि तिच्या पलीकडची बुटकी.

"बारा," भाची म्हणाली. "दोन्हीकडे बारा."

घाण कधी इतकी शिस्तीत बसत नाही. एकमेकांची रेघ फोडणाऱ्या हायड्रोजनांचा एक साधा नियम आहे. याने त्याला जितकं फोडलं, तितकंच त्याने याला फोडलेलं असतं. अंतर दोन्हीकडे तेवढंच. टाळी एका हाताने वाजत नाही, हे वर्गात सांगायला मला फार आवडायचं. मुलं लिहूनही घ्यायची.

"एकमेकांनाच फोडतायत," भाची म्हणाली. "हे दोघंच. एकाच कार्बनवरचे. पण मामा, घोडं इथेच पेंड खातंय. ते दोघं एकसारखे आहेत ना? एकसारखे एकमेकांना फोडत नाहीत, हे तूच शिकवलंस मला."

"तुझ्या रेणूला डावं-उजवं आहे का?"

"आहे. पलीकडे तो कार्बन आहे ना, चार बाजूंना चार वेगळे गट लागलेला. माझी सगळी रीत तर त्याच्यासाठीच—" ती थांबली.

"एका बाकावर दोन पोरं बसलीयत," मी चाचरत म्हणालो. "बाक एकच. पण एकाच्या बाजूला खिडकी आणि दुसऱ्याच्या बाजूला भिंत असली, तर... म्हणजे मला वाटतं... पोरं सारखी असली तरी त्यांच्या जागा सारख्या राहत नाहीत. बहुधा."

"आला, आला!" बायको म्हणाली. "घरातला माणूस परत आला."

पण भाची ऐकत नव्हती. ती पेन्सिलीने कागदाच्या कडेला चार रेघा काढत होती. फरक अगदी थोडा असलेल्या दोन हायड्रोजनांनी एकमेकांना फोडलं की चार रेघा येतात, पण चारही सारख्या येत नाहीत. आतल्या दोन उंचावतात, बाहेरच्या खुजावतात. जितका फरक कमी, तितक्या बाहेरच्या बुटक्या. शेवटी इतक्या बुटक्या होतात, की नीटनेटकं माणूस त्यांना घाण समजून कड कापून टाकतं.

"एकच पदार्थ आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आहे ना?"

"मला विचारू नकोस गं. आत्ताच काय झालं ते बघितलंस ना?"

बायकोने टेबल पुसता पुसता विचारलं, "आणि तुझ्या त्या चाळणीला हे पटेल का? या दोघी घाण नाहीत, हे तिला सिद्ध कसं करून देणार?"

प्रश्न रास्त होता. भाचीला उत्तर सुचायला वेळ लागला नाही. पदार्थ दुसऱ्या द्रवात विरघळवून पुन्हा मोजायचा. यंत्राला न दिसणारं, खास बनवलेलं बेंझिन मिळतं, त्यात. द्रव बदलला की खिडकीकडचा आणि भिंतीकडचा यांच्यातला फरकही बदलतो. फरक वाढला तर आतल्या दोन रेघा दूर सरकतील आणि बुटक्या उंच होतील, पण बाराचं अंतर बाराच राहील. पदार्थ दोन असतील, तर बुटक्यांना उंच व्हायचं काही कारण नाही.

"आणि फरक कमी झाला तर?" मी विचारलं.

"तर चारही मिळून एक रेघ होईल आणि मॅडम म्हणतील, हे काय दाखवतेस." तिने लॅपटॉप मिटला. "तू येतोयस उद्या."

"मी? मी कशाला? अनोळखी लोकांत मला—"

"येतायत ते," बायको म्हणाली. "शर्ट इस्त्री करून ठेवते."

दुसऱ्या दिवशी यंत्राच्या खोलीपाशी पोचलो, तर दारातच जमिनीवर पिवळा पट्टा. माझ्या छातीत पेसमेकर आहे. असं यंत्र छातीत बाळगणाऱ्याने त्या पट्ट्याच्या आत जायचं नसतं, कारण चुंबकाला आपलं-परकं कळत नाही. ऑपरेटरकाकांनी मला अदबीने बाहेर थांबवलं. मला इतकं बरं वाटलं, की मी त्यांचे दोनदा आभार मानले. दाराला काच होती. काचेतून मला पडदा दिसत नव्हता. दिसत होत्या तीन पाठी.

मधली मॅडमची. सडपातळ, ताठ, अंगावरच्या पांढऱ्या कोटाला एक सुरकुती नाही. डावीकडे ऑपरेटरकाका, पाठ वाकवून कळा दाबणारे. उजवीकडे भाची. तिने एक हात मागे घेऊन दुसऱ्या हाताचं कोपर धरलं होतं. कॉलेजात मी निकाल वाचत असताना मुली अशाच उभ्या राहायच्या. काचेतून शब्द येत होते, पण खोल विहिरीतून आल्यासारखे.

"आधीच सांगते, मला आशा नाही," मॅडम म्हणत होत्या. "पण तुझ्या समाधानासाठी बघू."

मग बराच वेळ नुसती यंत्राची घरघर. मी चष्मा पुसला. पुसून काही उपयोग नव्हता, पाठी तशाही स्पष्टच दिसत होत्या.

मॅडमची पाठ वाकली. आधी थोडी, मग बरीच. त्यांनी बोट उचललं आणि पडद्यावर ठेवलं. मग जरा बाजूला ठेवलं. मग आणखी बाजूला. बोट चौथ्यांदा टेकलं, आणि तिथेच थांबलं.

"अंतर?" त्यांचा आवाज.

भाचीने काहीतरी सांगितलं. ते ऐकू आलं नाही, पण तिने कोपर सोडलं होतं.

"दुसरं?"

तिने पुन्हा सांगितलं. मॅडम सरळ झाल्या.

"कालच्या चित्रात बाहेरच्या दोन नव्हत्या."

"होत्या, मॅडम. मी कापल्या. तुम्ही म्हणता ना, तळाशी घाण नको."

"घाण नको म्हणते मी. पुरावा नको, असं कधी म्हणाले?"

ऑपरेटरकाकांची पाठ गदगदली. ते हसत असावेत. मॅडम दार उघडून बाहेर आल्या आणि मला तिथे बघून थबकल्या. मी भिंतीला लागून उभा होतो. आणखी मागे जायला जागा नव्हती.

"तुम्ही मामा," त्या म्हणाल्या. "या सावल्या आहेत, असं तुम्ही ठामपणे सांगितलंत म्हणे."

"हो. म्हणजे... चुकलं माझं ते."

"नळी फिरवणाऱ्या यंत्रावर मीही शिकलेय. कच्चा कागद माझ्या हाती आला असता, तर मीही तेच म्हटलं असतं. आणि माझ्या तोंडावर 'मग मिथाइलची सावली कुठेय' असं विचारायची हिंमत कोणी केली नसती." जे म्हणायचं ते कोटाच्या खिशात शोधत असल्यासारखा त्यांनी खिशात हात घातला. "तिची रीत निवड करते. तिला सांगा, या महिन्यात लिहायला घे. मी सांगितलं की ती घाबरते."

"मी सांगितलं तर ती हसते," मी म्हणालो.

"तेच बरं," त्या म्हणाल्या आणि गेल्या. जाता जाता नोटीस बोर्डावरचा एक वाकडा कागद त्यांनी सरळ केला.

भाची बाहेर आली ती दोन्ही हातांत नळी धरून, पेटलेला दिवा वाऱ्यातून न्यावा तशी. तिचं नाक लाल झालं होतं.

"मॅडमनी सांगितलंय, लिहायला घे म्हणून," मी म्हणालो.

"ऐकलं मी. काच पातळ आहे." तिने नाक खांद्याला पुसलं. "आधी हे बेंझिन उडवून पूड परत काढायचीय. एक कण वाया जाऊ द्यायचा नाहीये मला. मामा, ते समोरचं दार उघड ना, माझे हात अडकलेत."

प्रयोगशाळेचं दार जड होतं आणि आपोआप मिटणारं. मी धावत जाऊन ते उघडलं, पाठीने रेटून धरलं आणि तिच्यासाठी वाट मोकळी करून उभा राहिलो, असं मला वाटलं.

"मामा," ती म्हणाली, "दार छान धरलंयस. पण उभा मधेच आहेस. सरक की जरा!"

मी सरकलो. माझ्या पोटाला चाटून ती आत गेली, नळीतला थेंबही न हलू देता.